राक्षसाचे शेवटचे मागणे

आमच्या कोल्हापूरकडे राक्षसाचा मान मोठा आहे. बाहेरगावचा पाहुणा हे ऐकून दचकतो. पण त्याने नवरात्रातल्या ललितापंचमीला एकदा इकडे यावे आणि डोळ्यांनी पाहावे. त्या दिवशी अंबाबाईची पालखी शहराच्या पूर्वेला असलेल्या टेंबलाईच्या टेकडीवर जाते. रुसून बसलेल्या त्र्यंबोलीची समजूत काढायला थोरली बहीण निघालेली असते. टेकडीवर गुरव घराण्यातल्या कुमारिकेच्या हातून कोहळा फोडला जातो, आणि फुटलेल्या कोहळ्याचा एखादा तरी तुकडा मिळावा म्हणून अशी झुंबड उडते की चांगले धट्टेकट्टे गडी धुळीत लोळतात. हा कोहळा म्हणजे कोल्हासुर. राक्षसाचा तुकडा घरी न्यायला मिळावा म्हणून एवढी धडपड!

करवीरमाहात्म्याची कथा अशी, की कोल्हासुराने या क्षेत्रात फार उच्छाद मांडला, तेव्हा देवीने त्याच्याशी युद्ध करून त्याला मारले. प्राण जाता जाता त्याने मागणे मागितले, की या गावाला माझे नाव लागावे. देवी 'तथास्तु' म्हणाली. कोल्हापूर या नावाच्या दुसऱ्याही व्युत्पत्त्या सांगतात. त्या खऱ्या की ही खरी, याचा निवाडा भाषाशास्त्र्यांनी करावा. मला कौतुक वाटते ते लोकांच्या मनाचे. देवीच्या या शहराला राक्षसाच्या नावाने हाक मारावी आणि त्यात कोणालाच काही वावगे वाटू नये, हे मन साधे नव्हे.

हे सगळे या वर्षी नव्याने आठवण्याचे कारण एक जाडजूड कादंबरी. मी शाळामास्तर आहे. स्वतः मॅट्रिकच्या पुढे शिकलेलो नाही, पण मुलांच्या दप्तरात पाठ्यपुस्तकाखाली काय दडलेले असते यावर माझी नजर असते. पकडण्यासाठी नव्हे, मागून घेऊन वाचण्यासाठी. चार कादंबऱ्या माझ्याही नावावर आहेत, तेव्हा धंद्यातली उत्सुकता म्हणा हवे तर. मोठ्या वर्गातल्या एका मुलाने मला हे पुस्तक मोठ्या विश्वासाने दिले. इंग्रजीतून मराठीत आलेले, पंधरा-सोळा वर्षांच्या वाचकांसाठी लिहिलेले, आणि विषय राक्षसांचा. पुस्तकाचे नाव मी सांगत नाही. एका पुस्तकाला चौकात उभे करून फटके मारावेत असा माझा हेतू नाही. आणि त्या एकट्याचा हा दोषही नाही.

मी ते तीन रात्री वाचले. पहिल्या रात्री हौसेने वाचले, दुसऱ्या रात्री चिकाटीने आणि तिसऱ्या रात्री केवळ त्या मुलाला उत्तर द्यायचे होते म्हणून. अनुवाद वाईट नव्हता. प्रसंग एकावर एक आदळत होते. धुक्यातून राक्षस येतात, सोळा वर्षांचा नायक त्यांना मारतो. मग त्याहून मोठे राक्षस येतात, तो त्यांनाही मारतो. कोणाला किती डोळे, कोणाच्या अंगावर कसले खवले, कोणाची लाळ कोणत्या रंगाची, याचा तपशील कोठावळ्याच्या वहीसारखा चोख. पण पुस्तक मिटले तेव्हा त्यातल्या एकाही राक्षसाचे नाव मला आठवेना. ते कोठून आले, त्यांना काय हवे होते, ते मेल्यावर त्यांच्यासाठी कोणी रडले का, यातले काहीच लेखकाने सांगितले नव्हते. त्यांना भूकसुद्धा नीटशी नव्हती. नायकाला शौर्य दाखवायला काहीतरी हवे होते, तेवढ्यापुरता त्यांचा जन्म.

माझी निराशा झाली ती येथे. मी भ्यालो नाही याचे मला वाईट वाटले.

कोणी म्हणेल, मास्तर, तुमचे वय बोलते आहे. चाळिशी उलटली की राक्षसही पहिल्यासारखे राहत नाहीत. हा आक्षेप मी नाकारीत नाही. पण अद्भुत कादंबरीविषयीची निराशा ही मराठीत फार जुनी गोष्ट आहे, आणि तिचा इतिहास चाळून पाहिला तर माझी तक्रार कोठे बसते ते कळेल असे मला वाटले. तो इतिहास वाचकांपुढे थोडक्यात ठेवतो.

मराठीत स्वतंत्र अद्भुतरम्य कादंबरीची वाट घातली ती लक्ष्मणशास्त्री हळबे यांच्या 'मुक्तामाला'ने, १८६१ साली. तिच्या मागोमाग १८६८ साली नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' आली. राजपुत्र, राजकन्या, ताटातूट, संकटे आणि शेवटी मीलन असा हा सगळा संसार. रिसबुडांनी प्रस्तावनेत आपली अडचण मोठ्या प्रांजळपणे मांडली आहे. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की आपल्या लग्नाच्या रीतीमुळे आणि इतर कारणांनी आपल्या लोकांच्या रोजच्या जगण्यात मनोरंजक असे काही घडतच नाही. म्हणून वाचकाला रमवायचे तर लेखकाला अद्भुताकडे वळणे भाग आहे.

हे वाक्य मी जेव्हा जेव्हा आठवतो तेव्हा तेव्हा मला त्या काळच्या माजघरांची आठवण होते. मराठी माजघरात १८६८ साली काही घडत नव्हते! बालविवाह, केशवपन, बाळंतपणात दगावणाऱ्या पोरी, सावकाराच्या दारी गेलेली जमीन, प्लेगाआधीचा पटकी आणि दुष्काळ हे सगळे तेथेच चालले होते. पण लेखकाला ते 'मनोरंजक' दिसले नाही. अद्भुत म्हणजे अळणी भाजीवर वरून पेरायचा मसाला, अशी समजूत मराठी कादंबरीच्या पाळण्यातच तिच्या कानात सांगितली गेली.

याला विरोध झाला नाही असे नाही. १८७२ साली काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी नावल आणि नाटक या विषयावर निबंध लिहिला. 'नावल' म्हणजे नॉव्हेल. कादंबरी हा शब्द तोपर्यंत पक्का बसलेला नव्हता. या साचेबंद नायक-नायिकांवर आणि अशक्य प्रसंगांवर त्यांनी कोरडे ओढले. पुढे १९०२ साली इतिहासाचार्य राजवाडे यांनी 'कादंबरी' या निबंधात युरोपातल्या मोठ्या कादंबरीकारांचे माप मराठी कादंबरीला लावले, आणि ती फार तोकडी पडते असे सांगितले. दरम्यान हरिभाऊ आपटे उभे राहिले होते. १८९० साली त्यांचे 'करमणूक' सुरू झाले आणि 'पण लक्षात कोण घेतो?' मधली यमू घराघरांत पोचली. ज्या माजघरात काही घडत नाही असे रिसबुडांना वाटले होते, त्याच माजघरात केवढा आकांत भरला आहे हे हरिभाऊंनी दाखवले.

मग राक्षस कोठे गेला? मोठ्या माणसांच्या कादंबरीतून तो हळूहळू मुलांच्या खोलीत गेला. १९०६ साली वासुदेव गोविंद आपटे यांनी 'आनंद' मासिक काढले. १९१३ साली नाथमाधवांची 'वीरधवल' आली. सिंहगडच्या कड्यावरून पडून कमरेखालचे अंग लुळे झालेला हा माणूस अंथरुणावरून कल्पनेचे घोडे असे दौडवीत होता, की पुढच्या दोन पिढ्यांतली मुले अभ्यासाच्या पुस्तकात दडवून त्याला वाचीत राहिली. गो. ना. दातारांनी रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्यांना मराठी वेष चढवला. १९५२ साली 'चांदोबा' मराठीत आला आणि विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ दर महिन्याला घरी येऊ लागला. १९६२ पासून रत्नाकर मतकरींनी बालनाट्य रंगवले, आणि त्यांचा 'निम्मा शिम्मा राक्षस' तर नावापासूनच मुलांच्या ओठांवर बसला.

आता माझी तक्रार पाहा. मराठे म्हणाले, असे घडत नाही. माझे म्हणणे उलट आहे. घडत नाही याचे मला काहीच दुःख नाही. राक्षस येऊ देत, दहा तोंडांचे येऊ देत. पण ते राक्षस असावेत, मसाला नसावा. या परदेशी कादंबरीने माझी निराशा केली ती अगदी 'मंजुघोषे'च्या प्रस्तावनेतल्या कारणाने. जगणे कंटाळवाणे आहे, म्हणून राक्षस आणा, हाच तो विचार. दीडशे वर्षांनी आणि सात समुद्र ओलांडून तोच विचार माझ्या वर्गातल्या मुलाच्या दप्तरात येऊन बसला होता.

याला दुसरी बाजू आहे, आणि ती ज्या साली 'मंजुघोषा' छापली गेली त्याच साली, १८६८ मध्ये, दूर लंडनमध्ये छापली गेली. त्याची हकीकत मोठी गमतीची आहे. १८६५-६६ च्या थंडीत मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर दख्खनच्या दौऱ्यावर निघाले होते. बरोबर त्यांची मुलगी मेरी. तंबूत तिला सोबतीला दुसरी बाई नसे, वाचून आणि चित्रे काढून तिला कंटाळा येई. तेव्हा तिने आपल्या आयेला गोष्ट सांगायला सांगितले. या आयेचे नाव ॲना लिबराटा डिसूझा. घराणे मूळचे लिंगायत, पुढे गोव्यात ख्रिस्ती झालेले. तिने आजीकडून ऐकलेल्या गोष्टी सांगितल्या, मेरीने त्या लिहून काढल्या आणि त्यांचे 'ओल्ड डेक्कन डेज' हे पुस्तक झाले.

ॲनाबाईच्या या गोष्टींत राक्षस आहेत, पण ते कसे आहेत पाहा. सूर्याबाईच्या गोष्टीतला राक्षस रात्री बंद दार ओरबाडतो. दार उघडत नाही, पण त्याचे नख मोडून फळीत रुतून राहते. सकाळी दार उघडताना ते नख पोरीच्या हाताला लागते आणि ती मेल्यासारखी पडते. ते नख कोणीतरी काढील तेव्हाच ती उठणार. दुसऱ्या एका गोष्टीत दुष्ट जादूगाराचा जीव दूर रानात, पाण्याच्या घागरींखाली ठेवलेल्या पिंजऱ्यातल्या पोपटात आहे. 'त्याचा जीव पोपटात आहे' असे आपण अजून म्हणतो ते अशाच गोष्टींमुळे. यातल्या प्रत्येक भयाला काही नियम आहे. राक्षस कितीही मोठा असला तरी त्याचा जीव कोठेतरी ठेवलेला आहे, आणि तो शोधणाऱ्याला सापडतो. ऐकणाऱ्या मुलाला हे एवढे कळले की त्याची भीती जात नाही, पण तिला दार मिळते.

महाभारतातला बकासुर घ्या. एकचक्रा नगरीत त्याचा रतीब ठरलेला होता: एक गाडाभर भात, दोन रेडे आणि ते घेऊन जाणारा एक माणूस. आपण एवढेच लक्षात ठेवतो आणि पुढे भीमाने गाड्यावरचा भात कसा खाल्ला यावर हसतो. पण ज्या ब्राह्मणाच्या घरी पांडव उतरले होते तो काय सांगतो? हा राक्षस या प्रदेशाचे परचक्रापासून रक्षण करतो, आणि हे त्याचे वेतन आहे. येथला राजा दुबळा, म्हणून लोकांनी हे मान्य केले आहे. मी वर्गात हा भाग सांगतो तेव्हा पोरे एकदम गप्प होतात. रक्षण करणाराच घरटी एक माणूस खातो, आणि गाव पाळी लावून ते देते. लाळेचा रंग सांगावा लागत नाही. बारा वर्षांच्या पोरालाही ती भीती कळते, कारण तिच्यात काहीतरी त्याच्या ओळखीचे असते.

रक्षण हा शब्द येथे योगायोगाने आलेला नाही. रामायणाच्या उत्तरकांडात अशी कथा आहे, की ब्रह्मदेवाने पाणी निर्माण केले आणि त्याच्या रक्षणासाठी प्राणी निर्मिले. त्यातले काही म्हणाले 'आम्ही रक्षण करू'. ते राक्षस झाले. म्हणजे राक्षसाची पहिली नेमणूक पाण्यावरच्या राखणदाराची. असुर हा शब्दही मुळात शिवी नव्हती. ऋग्वेदात तो वरुणासारख्या देवांना मानाने लावलेला आहे, आणि इराणात त्याचाच भाऊबंद 'अहुर' परमेश्वराच्या नावात जाऊन बसला.

मराठ्यांचा निबंध १८७२ चा. त्याच्या पुढच्याच वर्षी, १८७३ साली, पुण्यात जोतीराव फुले यांची 'गुलामगिरी' निघाली. एका सालाच्या अंतराने निघालेली ही दोन पुस्तके शेजारी ठेवून पाहावीत. एकाने विचारले, कादंबरीतल्या या अशक्य गोष्टी खऱ्या कशा मानायच्या? दुसऱ्याने विचारले, पुराणातले हे राक्षस होते तरी कोण? जोतीरावांचे उत्तर रोखठोक होते. राक्षस म्हणजे रक्षक, या भूमीचे मूळचे राखणदार. बळी हा त्यांचा राजा. जिंकणाऱ्यांनी हरलेल्यांना राक्षस म्हटले आणि तशाच गोष्टी लिहून ठेवल्या. खेड्यापाड्यांच्या म्हसोबात त्यांनी बळीच्या राज्यातला 'महासुभा' पाहिला. त्यांच्या सगळ्या व्युत्पत्त्या आज भाषाशास्त्राला पटतील असे नाही. पण त्यांनी विचारलेला प्रश्न मात्र त्यानंतर कोणाला पुसून टाकता आलेला नाही. राक्षस कोणाला म्हणायचे आणि ते ठरवायचे कोणी, हा तो प्रश्न. ज्या घाटग्यांच्या कागलच्या घराण्यातून शाहू महाराज कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले, त्या कागलात राहणाऱ्या मास्तराला तरी हा प्रश्न विसरता येत नाही. पुढे १९११ साली कोल्हापुरात सत्यशोधक समाज उभा राहिला तेव्हा हाच प्रश्न गावोगावच्या चावडीवर आला.

आणि येथे मला पुन्हा आमचा कोल्हासुर आठवतो. कारण जोतीरावांचे पुस्तक न वाचलेल्या, अक्षरशत्रू लोकांनीही मेलेल्या राक्षसाचे काहीतरी देणे लागतो, हे आपल्या परीने ओळखले होते. म्हणून आपल्याकडचा राक्षस मरताना काहीतरी मागतो, आणि मारणारा ते देतो. जोतिबाने ज्या डोंगरावर रत्नासुराला मारल्याचे सांगतात, ती वाडी रत्नागिरी त्याच्याच नावाने ओळखली जाते. विदर्भातल्या लोणारला लवणासुराचे नाव आहे. सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंदीचे ते विवर उल्केच्या आघाताने झाले हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केले. तरी गावात दैत्यसूदनाचे देऊळ उभे आहे आणि गावाच्या नावात दैत्यही आहे. वेंगुर्ल्याजवळ आरवलीला वेताळाचा वेतोबा झाला. तो रात्री गावाची राखण करीत फिरतो, फिरून फिरून त्याची पायताणे झिजतात, म्हणून लोक त्याला नवसाला भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात. भुताखेतांचा धनी, पण गावाने त्याला कामाला लावले आणि त्याच्या पायांची काळजी घेतली!

आमच्या शेताच्या बांधावर शेंदूर फासलेला म्हसोबा असतो. महिष म्हणजे रेडा, आणि म्हसोबाचे नाते महिषासुराशी आहे असे पुष्कळ अभ्यासक मानतात. एका देवळात देवी ज्याला पायाखाली तुडवते, त्यालाच शेतकरी कोंबडे-नारळ देऊन 'पिकावर नजर ठेव बाबा' म्हणतो. यात विसंगती आहे हे शेतकऱ्याला कळत नाही असे नाही. त्याला दोघांशीही राहायचे असते.

माझ्या निराशेचे मूळ मला येथे सापडले. त्या जाड कादंबरीतले राक्षस मरताना काही मागत नाहीत. मेल्यावर त्यांचे काही उरत नाही. त्यांच्या नावाचे गाव नाही, त्यांचा दिवस नाही, बांधावरचा एक दगडही नाही. अशा गोष्टी शंभर वाचलेले मूल काय शिकते? समोरचा वेगळा दिसला की तो संपवायचा असतो. त्याला काय हवे होते हे विचारण्याची गरज नसते. ही शिकवण मला साधी वाटत नाही. पोरे उद्या मोठी होतील, त्यांच्या गावात भांडणे होतील, आणि कोणीतरी बोट दाखवून म्हणेल, तो बघ राक्षस. त्या वेळी 'त्याचे मागणे काय आहे?' असे विचारणारे एक तरी मूल वर्गात बसलेले असावे असे मला वाटते.

हा परदेशी आणि देशी असा वाद मात्र नव्हे. १८१८ साली मेरी शेली या तरुणीची 'फ्रॅन्केन्स्टाइन' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. त्यातला राक्षस आपल्या निर्मात्याला शोधीत हिमनदीपर्यंत येतो आणि एकच मागतो: माझ्यासारखी एक जोडीदारीण मला दे. निर्माता आधी कबूल होतो आणि मग शब्द मोडतो. पुढचा सगळा अनर्थ त्या मोडलेल्या शब्दातून निघतो. १९३६ साली टॉल्किन नावाच्या ऑक्सफर्डच्या प्राध्यापकांनी 'बेवूल्फ' या जुन्या इंग्रजी काव्यावर व्याख्यान दिले आणि विद्वानांना बजावले, की तुम्ही या काव्यातले राक्षस पोरकट म्हणून बाजूला सारता, पण काव्याचा सगळा भार त्यांनीच तोललेला आहे. पुढच्याच वर्षी त्यांचे मुलांसाठी लिहिलेले 'हॉबिट' प्रसिद्ध झाले. जे राक्षसाला गंभीरपणे घेतात त्यांच्याच हातून मुलांची चांगली पुस्तके होतात, मग ते पंढरपूरचे असोत की ऑक्सफर्डचे.

आणि वास्तववादी लेखकांनाही हे कळते. आमच्या कागलचे आनंद यादव यांचे 'झोंबी' १९८७ साली आले आणि १९९० साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यात शाळेच्या वाटेवर आडवा पडणारा बाप आहे. दुसऱ्या कोणी लिहिले असते तर त्याने त्या बापाचा राक्षस करून टाकला असता. यादवांनी त्याच्यामागची गरिबी, दुसऱ्याच्या मळ्यावरचा राबता आणि घरातली खाणारी तोंडे दाखवली. वाचक चिडतो, पण त्या बापाला काय हवे होते हे त्याला कळते. आमच्या जुन्या गोष्टींचाच नियम हा; फक्त धुक्यातून नव्हे, मोटेच्या पाण्यातून आलेला.

त्या मुलाला मी काय सांगितले, हे वाचक विचारतील. त्याला मी पुस्तक परत दिले आणि म्हणालो, "मला आवडले नाही. पण तुला आवडले असेल तर वाच." तो जरा खट्टू झाला. "सर, लढाया भारी आहेत की!" म्हणाला. लढाया भारी होत्या हे मी कबूल केले. मग पुढच्या तासाला मी आठवीच्या वर्गाला निबंध दिला: 'आमच्या गावचा राक्षस आणि त्याला काय हवे आहे.' पोरे आधी हसली, मग लिहायला बसली.

बहुतेकांनी लढायाच लिहिल्या, ते चालायचेच. एकाचा राक्षस उसाच्या फडात राहत होता आणि तोडणीला आलेल्या टोळीतल्या पोरांना खेळायला बोलावीत होता, कारण कारखाना बंद झाला की ती निघून जातात आणि त्याला करमत नाही. एका मुलीचा राक्षस जुन्या विहिरीत होता. नळ आल्यापासून पाण्याला कोणी येत नाही, विहिरीत वाकून कोणी हाक मारीत नाही, म्हणून तो रागावला होता. त्याचे मागणे एवढेच, की रोज कोणीतरी येऊन आत एक हाक मारावी. तो उलट हाक देईल. उत्तरकांडातले पाण्याचे राखणदार या पोरीने कधी ऐकलेले नव्हते. मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले आणि मुख्याध्यापकांना कारण सांगितले नाही.

वाचकहो, तुमच्या हाती हा अंक पडेल तेव्हा घराघरांत दिव्यांची तयारी चाललेली असेल. नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान होईल, आणि जेथे अजून चाल आहे तेथे पायाखाली कारीट फुटेल. गोव्यात त्या पहाटे कागदाचे प्रचंड नरकासुर जाळतील. मुलांना आपण एवढेच सांगतो, की कृष्णाने नरकासुराला मारले आणि सोळा हजार एकशे स्त्रिया सोडवल्या. ते सांगावेच. पण पुढचेही सांगावे. तो भूमीचा मुलगा होता, आणि मरताना त्याने मागितले, की माझ्या मरणाचा दिवस लोकांनी आनंदाने पाळावा आणि या दिवशी मंगलस्नान करणाऱ्याला नरकाची पीडा नसावी. आपल्या घरात त्या दिवशी उटण्याचा जो वास दरवळतो तो एका असुराच्या शेवटच्या इच्छेचा आहे.

आणि दोन दिवसांनी पाडवा. आमच्या भागात दारात शेणाचे पांडव घालतील. आयाबाया ओवाळताना 'इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो' म्हणतील. ज्याला पाताळात दडपले त्याचेच राज्य पुन्हा यावे म्हणून दिवा ओवाळणारे लोक आपण. वर्षातून एकदा तो आपली माणसे बघायला वर येतो म्हणतात. मुलांनी विचारले, तो राक्षस होता ना, मग त्याला का ओवाळायचे, तर घाईने गप्प बसवू नका. फराळाचे ताट जरा बाजूला ठेवा आणि त्यांना सगळी गोष्ट सांगा. वामनाने तीन पावले मागितली तेथून सुरू करा, आणि बळीला शेवटी काय मिळाले तेथपर्यंत न्या.